"बोर्ड गेला" म्हणजे नक्की काय गेलं?

आपल्याकडे संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम तयार असतं. "बोर्ड गेला." पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण पडद्यावर काळोख? बोर्ड गेला. चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतोय? बोर्डच. कशावरून म्हणता, असं विचारलंत तर समोरचा आपल्याकडे असं बघतो, जणू आपण डॉक्टरकडे डिग्रीचं सर्टिफिकेट मागितलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. घरी पहिल्यांदाच जोडलेला पीसी चालू झाला नाही, तर बहुतेक वेळा काहीच "गेलेलं" नसतं. काहीतरी नीट बसलेलं नसतं, लावायचं राहिलेलं असतं, नाहीतर एकमेकांना ओळखत नसतं. हे शोधता येतं, आणि तेही नवे भाग विकत न घेता. शोधायचे कष्ट नको असतात म्हणून "बोर्ड गेला" म्हणायचं. हा निदान न करण्याचा सभ्य मार्ग आहे!

ताजं उदाहरण देतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि पहिला पीसी स्वतः जोडला. चालू केला तर पंखे फिरले, पडदा काळा. वडील म्हणाले, "तरी सांगत होतो, तयार घे." जिथून सगळं सामान घेतलं त्या दुकानात नेला. पाच मिनिटांत निकाल: बोर्ड गेला, कंपनीकडे पाठवू, दोन-तीन आठवडे लागतील. पोरगा पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

गंमत अशी की त्या बोर्डवर चार बारीक दिवे आहेत: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. त्यातला प्रोसेसरचा दिवा अखंड जळत होता. म्हणजे बोर्ड स्वतः ओरडून सांगत होता की माझं प्रोसेसरशी अडलंय. बोर्ड होता जुन्या साठ्यातला, प्रोसेसर होता नंतर बाजारात आलेला. दोघांचा सॉकेट एकच, पण बोर्डवरचा बायॉस इतका जुना की या प्रोसेसरचं नावही त्याने ऐकलं नव्हतं. ही अडचण काही गूढ नाही. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० मध्ये आलेल्या ५००० मालिकेपर्यंत एएमडीने एएम४ हा एकच सॉकेट चालवला (चांगलंच केलं), आणि प्रत्येक नव्या पिढीला नवा बायॉस लागत गेला. २०१८ साली तर ज्यांचे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखेनात, त्यांना बायॉस बदलण्यापुरता जुना प्रोसेसर उसना देण्याची सोय खुद्द एएमडीने केली होती.

या बोर्डला मागे एक छोटं बटण होतं. बायॉसची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर टाकायची, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्यायचं, बटण दाबून काही मिनिटं थांबायचं. प्रोसेसर चालत नसला तरी हे होतं. झालं! "गेलेला" बोर्ड उठून बसला. आता विचार करा, दुकानाने तो बदलून दिला असता आणि नवाही त्याच साठ्यातला निघाला असता तर? तोही "गेला" असता.

तर मुद्दा पद्धतीचा. आपल्याकडची पद्धत म्हणजे बदलून बघणे. रॅम बदल, एसएमपीएस बदल, काहीच नाही जमलं तर बोर्ड. (रॅम काढून खोडरबरने पुसणे हा आपला राष्ट्रीय उपचार. जुन्या, काळवंडलेल्या रॅमला त्याचा उपयोग होतो. कालच खोक्यातून काढलेल्या रॅमला गुण येतो तो बहुधा खोडरबराचा नसतो, काढून पुन्हा नीट बसवल्याचा असतो.) खरी पद्धत उलटी आहे: बदलू नका, काढा. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, बस. हार्डडिस्क नको, यूएसबी नको. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्डही नको. इतक्यावर चालू झाला, तर एकेक वस्तू परत लावत जा. जिथे अडेल तिथे चोर. बाहेर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, असं झालं तर बोर्डखाली नको तिथे एखादा पितळी स्टँडऑफ राहिलाय का ते बघा.

आणि "चालू होत नाही" हे एकच दुखणं नाही. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा. मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर योग्य पिनांवर आहे का ते बघा. ती वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि पंखा फिरला, तर दोष बटणाचा. पंखे फिरतात पण चित्र नाही, तर प्रोसेसरजवळची वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर लावलीय का? २४ पिनांची मोठी वायर लावली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. रॅम मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खाचेत, खट् असा आवाज येईपर्यंत बसलीय का? इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, आणि लोक एचडीएमआय बोर्डला लावून तासन्‌तास काळ्या पडद्याकडे बघत बसतात. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा नुसतं थांबा. बोर्ड त्या रॅमची ओळख करून घेत असतो, त्यात काही मिनिटंही जाऊ शकतात, आणि तेवढ्यात घाबरून बंद केलं की सगळं पहिल्यापासून.

माझा राग एकट्या दुकानदारांवर नाही. आयबीएमचा १९८१ चा पीसी चालू होताना स्वतःची तपासणी करायचा, ठीक असेल तर एकदा टुक् करायचा. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत बायॉसचा कोडसुद्धा छापलेला होता! १९८४ च्या एटीपासून तपासणीची प्रत्येक पायरी एका ठरलेल्या पोर्टवर क्रमांकाने सांगितली जाऊ लागली. आज तो क्रमांक दाखवणारा दोन आकड्यांचा डिस्प्ले बहुधा महागड्या बोर्डांवरच दिसतो, आणि टुक् करणारा स्पीकर कॅबिनेटबरोबर क्वचितच येतो. रंगीत दिव्यांच्या पट्ट्या मात्र भरपूर! ज्याला निदानाची सगळ्यात जास्त गरज, त्या पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या स्वस्त बोर्डलाच मुकं करून ठेवलंय.

आता कोणी म्हणेल, यात नुकसान काय, वॉरंटीत बदलून मिळतोच की. मिळतो? हल्लीच्या बहुतेक सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. उगाच काढलेला, उगाच पाठवलेला बोर्ड हाताळताना एक पिन वाकली की "फिजिकल डॅमेज" असा शेरा येतो आणि वॉरंटी संपते. न गेलेला बोर्ड अशा रीतीने खरोखर जातो.

दुकानदाराची बाजूही आहे, ती मान्य. आपण ग्राहक वस्तूचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. तासभर खपून त्याने सांगितलं की "वायर लावायची राहिली होती", तर आपण "एवढंच ना?" म्हणून उठतो. मग तो बोर्डच विकणार. पण याला उपाय आहे. बिलावर "तपासणी" अशी ओळ घाला, आकडा लिहा, आम्ही देऊ. मात्र त्याच बिलावर हेही लिहा की काय काय काढून पाहिलं आणि कुठला दिवा जळत होता.