पुरम्बोक्कु जमीन आणि शहराची तहान

२०१९ च्या जून महिन्यात पूण्डी, चोळवरम्, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम् हे चेन्नई शहराला पाणी पुरविणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून ५० वाघिणींची एक आगगाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन शहरात दाखल झाली. मराठी वाचकाला या दृश्याने लातूरची आठवण होणे स्वाभाविक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला असेच पाणी न्यावे लागले होते. परंतु हे साम्य वरवरचे आहे. लातूर हे अवर्षणाच्या छायेत वाढलेले गाव. चेन्नईत मात्र वर्षाकाठी सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस अपुरा झाला हे खरे. पण डिसेंबर २०१५ मध्ये हेच शहर पुरात बुडाले होते. जे नगर चार वर्षांच्या आत बुडते आणि तहानेने व्याकुळही होते, त्याच्या संकटाचे खापर केवळ आकाशावर फोडता येणार नाही.

या संकटाचे एक मूळ भाषेत सापडते. तमिळ प्रदेशाच्या महसुली दप्तरात ‘पुरम्बोक्कु’ असा एक शब्द आहे. ज्या जमिनीवर सारा बसत नाही, जी कोणा एकाच्या मालकीची नाही, अशी सामाईक जमीन म्हणजे पुरम्बोक्कु. तळी, ओढे, पाणथळ, गायराने हे सारे तीत येते. बोलभाषेत मात्र हाच शब्द आज शिवी झाला आहे. निरुद्योगी, कुचकामी माणसाला तो लावला जातो. सरकारी दृष्टीला ज्यातून उत्पन्न दिसत नाही ते लोकांच्या जिभेवरही निरुपयोगी ठरले, आणि एकदा निरुपयोगी ठरल्यावर ते बुजविण्यास कोणाचीच हरकत उरली नाही. पळ्ळिकरणैची विस्तीर्ण दलदल अशाच समजुतीने आक्रसत गेली. तिच्या एका भागावर शहराचा कचरा पडला आणि भोवती इमारती उठल्या. २०२२ साली तिला रामसर पाणथळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण तोवर तिचा फार मोठा भाग गेलेला होता.

तळ्यांची कथा याहून निराळी नाही. या प्रदेशातील ‘एरी’ म्हणजे बांध घालून अडविलेले तळे. एका एरीचे भरून वाहणारे पाणी खालच्या एरीत जावे, अशी त्यांची साखळी असे, आणि गावकऱ्यांनी मिळून त्यांची दुरुस्ती करावयाची, या प्रथेला ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. नुंगंबाक्कम् भागातील लाँग टँक १९२० नंतरच्या दशकात त्यागरायनगरच्या वसाहतीसाठी बुजविण्यास आरंभ झाला. तेथील ‘लेक व्ह्यू रोड’वरून आज कोणतेही तळे दिसत नाही. त्याच तळ्याच्या जागेवर १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम् हे स्मारक उभे राहिले. ‘तिरुक्कुरळ’मध्ये ईशस्तवनानंतर लगेच दुसरा अध्याय पावसाच्या थोरवीचा आहे. ज्या कवीने पावसाला हे स्थान दिले, त्याचे स्मारक पाऊस साठविणाऱ्या जागेवर बांधण्यात काही विसंगती आहे, हे फारसे कोणाला जाणवले नाही.

त्याच १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट कृष्णेचे पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. या औदार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि घरचे तळे बुजवावे आणि महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीपुढे ओंजळ धरावी, असा शहराचा रिवाज तेव्हापासून दृढ झाला. पुढे २००४ मध्ये वीराणम्‌हून जलवाहिनी आली, मिंजूर व नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने निघाले. एवढ्या मोठ्या वस्तीला हे उपाय टाळता आले नसते, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परंतु आणलेल्या पाण्याने साठवणुकीची जबाबदारी संपत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात शहराने तग धरला तो कोणाच्या बळावर, हा प्रश्नही विचारला पाहिजे. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी टँकर मागविले. ते टँकर भोवतालच्या खेड्यांतील शेतविहिरींवर भरले जात होते. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्या बायका रात्री-अपरात्री प्लॅस्टिकच्या घागरी रांगेत लावून बसल्या. म्हणजे शहराने टंचाईवर मात केली असे नव्हे. तिचा भार त्याने खेड्यांवर आणि आपल्याच गरीब वस्त्यांवर ढकलला.

हे अटळ नव्हते. २००३ साली तमिळनाडू सरकारने प्रत्येक इमारतीत पर्जन्यजल मुरविणे सक्तीचे केले आणि पुढील वर्षांत विहिरींची पातळी वाढल्याचे दिसून आले. पाऊस बरा होताच मात्र देखभाल सुटली. यावरून इतकेच सिद्ध होते की, कायदा आठवण करून देऊ शकतो, आठवण टिकविणे हे समाजाचे काम आहे. उरलेल्या प्रत्येक तळ्याची हद्द निश्चित करून तीवर बांधकामास मज्जाव करणे, आणि खेड्यातील विहिरीचा उपसा तेथील लोकांच्या संमतीवाचून होऊ न देणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल. महाराष्ट्रानेही यातून बोध घ्यावा. आपल्याकडे बारवा आणि आड बुजत आहेत, आणि ‘पडीक’ हा शब्द आपणही तितक्याच बेफिकिरीने वापरतो. पावसाचे पाणी थांबते ती जमीन पडीक नसते, एवढे तरी पुढच्या दुष्काळापूर्वी मान्य झाले पाहिजे.