केळापूरच्या ताटातील मोडलेली जोडी

१/ विदर्भातील कुपोषणाचा विषय निघाला की दोष बहुधा गरिबांच्या 'आहारविषयक अज्ञाना'वर ठेवला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे जुने ताट या आरोपाला उत्तर देते.

२/ ज्वारीची भाकरी किंवा कण्या, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने असतात, पण लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे. तुरीच्या डाळीत प्रथिने सुमारे २२ टक्के आणि लायसिन विपुल; तिच्यात उणे असते ते मेथिओनिन. एकीची उणीव दुसरी भरून काढते. अंबाडीच्या आंबट पाल्याने धान्यातील लोह शोषले जाण्यास मदत होते, ती वेगळीच.

३/ मेक्सिकोत हेच नाते मक्याची रोटी आणि घेवड्याचे कालवण यांचे. तेथे मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो. येथे कपाशी-ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीचे एक तास, धुऱ्यावर अंबाडी. पोषणाचा हा मेळ चुलीवर नव्हे, शेतातच जुळलेला होता.

४/ ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६० मध्ये हैदराबादचे संशोधक गोपालन व श्रीकांतिया यांनी 'द लॅन्सेट'मध्ये दाखवले की दख्खनच्या ज्वारीभक्षक गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो. केवळ ज्वारीवर भागवावे लागणे, हेच ते दारिद्र्य.

५/ मग जोडी मोडली कोणी? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या हाती गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर येथील काळ्या मातीवर स्थिरावली. कापूस वाढला, अन्नाची हमी आटली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला. लक्ष्मण सत्या यांचा 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हा ग्रंथ याच दुव्याचा शोध घेतो. ज्वारी तरीही तग धरून होती. तिला खरी ओहोटी लागली ती अलीकडे: सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला, आणि उरलेल्या कणसांवर रानडुकरे व पाखरे तुटून पडली.

६/ तूर आजही शेतात उभी असते, पण पांढरकवड्याच्या बाजारात विकली जाते. पिकवणाऱ्याच्या वरणात पाणी वाढते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर गहू, तांदूळ आणि भरड धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. केळापूरच्या मातांना समतोल आहाराची व्याख्याने देण्याआधी शिधादुकानात ज्वारीसोबत तूरडाळ ठेवावी.