एक मूठ सहरीची, एक मूठ इफ्तारची

असरची नमाज झाली की वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड इथल्या बाजारपेठा रमजानमध्ये माणसांनी फुलून जातात. खजूर, टरबूज, केळी, भजी, समोसे, फालुदा यांच्या गाड्यांभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. रोजंदारीवर जगणारा माणूसही या महिन्यात हात आखडता घेत नाही. दिवसभर रोजा ठेवलेल्या लेकरांच्या ताटात इफ्तारला दोन वस्तू जास्त पडाव्यात, असे कोणाला वाटणार नाही? पण ईदचा शीरखुर्मा संपून आठ-दहा दिवस झाले की त्याच घरातला पिठाचा डबा अनेकदा तळाला गेलेला असतो आणि किराणा दुकानाच्या वहीत उधारीची नवी ओळ चढलेली असते. भुकेचा अर्थ शिकवणारा महिना संपतो आणि घर मात्र भुकेपासून चार दिवसांच्या अंतरावर उभे असते.

हे अंतर चार दिवसांचे नसून किमान पंधरा दिवसांचे असावे, आणि ते वाढवायला रमजानइतका योग्य महिना दुसरा नाही. घरात पंधरा दिवसांचे अन्न असणे ही श्रीमंतीची खूण नाही. ती गरिबाची पहिली गरज आहे, कारण श्रीमंताकडे अडचणीत वळायला दहा वाटा असतात. गरिबाकडे एकच असते, उधारीची.

याचा धडा फार जुना नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बरोबर एका महिन्याने, २५ एप्रिलला, रमजानचा पहिला रोजा आला. हमाल, गवंडी, शिंपी, फळांची गाडी लावणारे, रिक्षा चालवणारे, सगळेच घरात बसले. सरकारने माणशी पाच किलो मोफत धान्य जाहीर केले, मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या तरुणांनी किट वाटले. पण धान्य जाहीर होणे आणि ते घरातल्या पातेल्यात पडणे यांमध्ये काही दिवस जातात. ज्या घरात त्या काही दिवसांपुरते धान्य होते, त्या घरातली बाई धीराने थांबू शकली. जिथे नव्हते, तिथे तिला पदर पसरावा लागला. भुकेइतकीच ती लाजही माणसाला लागते.

टाळेबंदी रोज येत नाही. पण वाशीम जिल्ह्यात लहान टाळेबंदी दरवर्षी येते. सोयाबीनची काढणी दिवाळीच्या सुमारास आटोपते, मग तूर, मग हरभरा आणि गहू. मार्च सरला की शेतातली मजुरी आटते ती जूनच्या पेरणीपर्यंत. बाजार समितीतली आवक घटली की हमालाच्या पाठीवरचे पोतेही घटते. त्यात घरचा कमावता माणूस तापाने आठवडाभर पडला, पावसाची झड लागली, गाडीचा अपघात झाला, तर प्रत्येक घराची स्वतःची टाळेबंदी सुरू होते. तिची बातमी कुठेच येत नाही.

रेशन आहे, हे खरे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. पण पाच माणसांच्या कष्टकरी घराला दिवसाला दोन किलो धान्य सहज लागते. म्हणजे प्राधान्य कार्डावरचे २५ किलो बारा-तेरा दिवसांत संपतात. उरलेला महिना बाजारावर. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या १४ जिल्ह्यांत केसरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी बँक खात्यात रोख रक्कम देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, त्यांत वाशीमही आहे. धान्य घरात आले तर ते खाल्ले जाते. रोख रक्कम मात्र मोबाइलच्या रिचार्जमध्ये आणि पेट्रोलमध्ये कधी विरघळते ते कळत नाही. त्यामुळे अशा घरांना तर साठवणीची सवय आणखी जास्त हवी.

इथे दोन शंका हमखास निघतात. पहिली अशी, की उद्याची तरतूद करणे म्हणजे तवक्कुल, अल्लाहवरचा भरवसा, कमी असणे नव्हे का? रिज्क देणारा तो आहे, मग डबे भरायचे कशाला? या शंकेचे उत्तर कुरआनमध्येच आहे. सूरह यूसुफमध्ये मिसरच्या बादशहाला स्वप्न पडते. सात धष्टपुष्ट गायींना सात मरतुकड्या गायी खातात. हजरत यूसुफ त्याचा अर्थ सांगतात तो असा, की सात वर्षे भरपूर पिकेल, पण खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसातच राहू द्या, कारण पुढची सात वर्षे कठीण आहेत. पैगंबरांनी सांगितलेली ती साठवणीची योजनाच आहे, आणि तीत कणसात ठेवण्याची शेतकरी समजही आहे. आच्छादनातले दाणे जास्त टिकतात, हे घराच्या आढ्याला ज्वारीची कणसे टांगून बियाणे राखणाऱ्या इथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद बाजूला ठेवल्याचे सहीह बुखारीत नोंदले आहे. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण तर लहान मुलांनाही पाठ असते. पिठाचा डबा म्हणजे गरिबाचा उंटच.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. इस्लामने साठेबाजीला, म्हणजे इहतिकारला, गुन्हा ठरवले आहे. मग साठवण चालेल कशी? उत्तर दोघांच्या हेतूत आहे आणि मापातही आहे. भाव चढावा, दुसऱ्याला मिळू नये म्हणून माल दाबून ठेवणे ही साठेबाजी. बाजारात भरपूर असताना, आपल्या घराच्या पोटापुरते, थोडे थोडे बाजूला ठेवणे ही साठवण. उलट, ज्याने आधी साठवले, तो टंचाईच्या दिवशी दुकानापुढच्या रांगेत धक्काबुक्की करत नाही. त्याच्या वाट्याचे दुसऱ्याला मिळते. त्याच बुखारीत हेही आहे, की पैगंबरांच्या घरी दोन-दोन महिने चूल पेटत नसे. वर्षाची तरतूद होती, पण दारात आलेल्या गरजूला ती दिली जात असे, असा मेळ आलिमांनी घातला आहे. डब्याला झाकण असावे, कुलूप नसावे.

ही सवय वऱ्हाडाला नवी नाही. गावोगावी जमिनीत पेव असे, घरात कणगी असे, भिंतीत बळद असे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्या पेवांतूनच भाषेत आला. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ या भागाने सोसला तेव्हा वाशीम वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी महाराष्ट्रातली जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या पिढ्यांनी कणगी सांभाळली. पुढे दुकान कोपऱ्यावर आले, दहा रुपयांची पुडी आली, आणि कणगी गेली. रोज पुडीने घेणाऱ्याला तीच वस्तू शेवटी महाग पडते, हे सगळ्यांना कळते. फक्त एकदम घेण्याइतका पैसा हातात नसतो.

म्हणूनच उपाय एकदम घेण्याचा नाहीच. तो मुठीचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे घराघरांतल्या बायांनी बाजूला काढलेल्या मूठमूठ धान्यावर चालली, त्याला मुष्टिफंड म्हणत. अनेक मदरशांनाही अशाच मुठीने हात दिला आहे. तीच मूठ आता स्वतःच्या घरासाठी. सहरीचा स्वयंपाक करताना मापातून एक मूठ वेगळ्या डब्यात, इफ्तारनंतरच्या जेवणाच्या वेळी दुसरी. एका मुठीत साधारण ४० ग्रॅम धान्य बसते. दोन मुठींचे रोजचे ८० ग्रॅम, महिन्याचे अडीच किलोच्या जवळ, आणि वर्षाचे जवळपास ३० किलो. पाच माणसांच्या घराचे पंधरा दिवसांचे धान्य एवढेच होते. दोन मुठींनी ताटात काही कमी पडल्याचे कोणाला जाणवत नाही. रमजानमध्ये तीस दिवस केलेली गोष्ट अंगवळणी पडते, मग ती शव्वालमध्येही सुटत नाही.

धान्याला मूठ, तर डाळ-तेलाला आठवड्याचे ५० रुपये. वर्षाला ते २,६०० होतात. एका आठवड्यात मीठ आणि काडेपेट्या, दुसऱ्यात पाव-अर्धा किलो डाळ, तिसऱ्यात तेलाची लहान पिशवी, चौथ्यात गूळ. इफ्तारच्या खरेदीतला एक तळलेला पदार्थ आठवड्यातून तीन दिवस कमी केला तरी ही रक्कम निघते. पहिले लक्ष्य तीन दिवसांचे ठेवावे. सहा किलो धान्य, एक किलो डाळ, अर्धा लिटर तेल. ते झाले की आठवड्याचे, मग पंधरवड्याचे. पंधरवड्याला डाळ साडेचार किलो आणि तेल दीड-दोन लिटर पुरते. या साठ्यासाठी कर्ज मात्र एक रुपयाचेही काढू नये. उधारीतून सुटायला उधारी करण्यात काय अर्थ? तसेच काही घरांतून रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्याला पडत्या भावात विकला जातो. तो व्यवहार बेकायदेशीर तर आहेच, पण विकलेल्या त्या चार किलोंत घराचे दोन दिवस जातात.

यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. नवी तूर बाजारात आहे, हरभरा आणि गहू निघतो आहे. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून हा योग फार वर्षे राहणार नाही. दहा घरांनी मिळून शेतकऱ्याकडून एक क्विंटल तूर घेतली आणि डाळ करून आणली, तर सत्तर किलोच्या आसपास डाळ हाती येते, घरटी सात किलो. बचत गट असेल तर हे काम आणखी सोपे. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच भरावे. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला तर तो नीट वाळला असे समजावे. कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, आणि डबा जमिनीवर न ठेवता पाटावर. नवे आले की ते मागे, जुने पुढे. जे आधी भरले ते आधी खावे. हा साठा जपून ठेवायचा ऐवज नाही, फिरता राहिला तरच तो शाबूत राहतो.

एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. गहू घरात असला आणि वीज नसली, तर चक्की बंद आणि पोळीही बंद. म्हणून सगळा साठा गव्हाचा नको. तांदूळ, पोहे, मुरमुरे, फुटाणे, सातूचे पीठ, गूळ यांतले थोडे थोडे हवेच. उन्हाळ्यात शेवया, पापड, मूगवड्या वाळत घालण्याची पद्धत घरात टिकली असेल तर तीही साठवणच आहे. सोबत चार दिवसांचे सरपण किंवा गॅस, आणि झाकलेले पिण्याचे पाणी. चूल पेटवायलाच काही नसेल तर डाळीचा डबा नुसता पाहत बसायचा.

ज्यांच्या घरात मुठीइतकेही जास्तीचे शिजत नाही, त्यांचे काय? तिथे जबाबदारी मोहल्ल्याची. फित्रा ईदच्या नमाजेआधी पोहोचायलाच हवा, म्हणजे त्या घरचीही ईद होईल. हनफी मतानुसार गव्हाचे त्याचे माप माणशी पावणेदोन किलोच्या आसपास आहे. मुळात ते धान्याचेच माप आहे, हे ध्यानात ठेवावे. जकातीचे तसे नाही. ती वर्ष पूर्ण झाल्यावर लागू होते, पण पुढच्या वर्षाची जकात आगाऊ, थोडी थोडी देण्याची मुभा हनफी फिकहमध्ये आहे. सगळी मदत रमजानच्या एका महिन्यात ओतली जाते आणि मे-जूनच्या रिकाम्या हातांच्या दिवसांत त्याच घराकडे कोणी फिरकत नाही, ही पद्धत बदलता येईल. रमजानच्या किटमधली सरबताची बाटली कमी करून दोन किलो डाळ आणि झाकणाचा एक मजबूत डबा दिला, तर ते किट ईदनंतरही उपयोगी पडेल. मशिदीच्या कमिटीने याचा विचार करावा.

आणि हे काम एकट्या बाईवर सोडू नये. मूठ ती काढेल, पण आठवड्याचे ५० रुपये पुरुषाच्या खिशातून निघायला हवेत, आणि तिने भरलेला डबा न विचारता रिकामा करून पाहुणचार होऊ नये. घरात किती दिवसांचे अन्न आहे, हा प्रश्न मिळकत किती आहे याइतकाच घरच्या कर्त्याचा आहे.

बरकत म्हणजे अचानक आलेला पैसा, असा समज पसरला आहे. पावसाची झड आठ दिवस लागली, काम मिळाले नाही, तरी घरातली मुले पोटभर जेवून झोपली आणि दुकानाच्या वहीत एकही ओळ चढली नाही, तर त्यालाही बरकतच म्हणायचे. आजच्या सहरीला पहिली मूठ बाजूला पडली, तर पुढच्या रमजानचा चाँद दिसेपर्यंत तो डबा भरलेला असेल.