पदरमोडीची पुस्तके

जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात महात्मा गांधींनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका पुस्तिकेची दखल घेतली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांना पाचारण केले होते. भाषणाचा मसुदा हाती आल्यावर मंडळाचे धैर्य सुटले. काही मजकूर गाळावा असा आग्रह सुरू झाला आणि एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे उत्तर मिळाल्यावर परिषदच बारगळली. न झालेले ते भाषण आंबेडकरांनी स्वखर्चाने छापले व आठ आणे किंमत ठेवून विक्रीस काढले. जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीच्या त्या भाषणावर गांधींनी जे आक्षेप घेतले ते सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच लेखात किमतीविषयीही एक सूचना होती : आठ आण्यांऐवजी दोन आणे, निदान चार आणे किंमत ठेवावी.

पुढच्या वैचारिक वादाच्या धुरळ्यात ही सूचना दिसेनाशी झाली, ते स्वाभाविकच होते. तथापि, लेखक स्वतःच प्रकाशक होतो तेव्हा त्याच्यापुढे उभे राहणारे बहुतेक सारे प्रश्न त्या चार-सहा आण्यांच्या फरकात सामावलेले आहेत.

स्वस्त पुस्तक ही निसर्गाची देणगी नव्हे. ते स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी अन्यत्र मोजलेली असते. गांधींना हे ठाऊक नव्हते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ चालविताना वकिलीची जवळजवळ सारी शिल्लक त्यात ओतावी लागली आणि एका काळात दरमहा ७५ पौंड पाठवावे लागत, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. ‘हिंद स्वराज्य’ १९१० मध्ये पुस्तकरूपाने निघाले तेही त्यांच्या स्वतःच्याच छापखान्यातून. फरक एवढाच की तिथे तूट भरून काढण्यास चांगली चालणारी वकिली होती. आठ आण्यांच्या पुस्तिकेचा खर्च वाचक भागवितो. तीच दोन आण्यांना विकली तर वाचकाचे ओझे लेखकाच्या खांद्यावर येते. उपेक्षित समाजातून आलेल्या लेखकाने ही पदरमोड कोणत्या भांडवलावर करावी, हा प्रश्न त्या सूचनेत विचारलेला नव्हता.

प्रत्यक्षात काय झाले? १५०० प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ मध्ये गांधींशी झालेल्या वादासह दुसरी आवृत्ती निघाली, १९४४ मध्ये तिसरी. आठ आणे किंमत आड आली नाही. महाड १९२७ मध्ये घडून गेले होते, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे चालला होता आणि ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेने साऱ्या देशाचे कान टवकारले गेले होते. पुस्तिका छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तिचा वाचक तयार झालेला होता, आणि तो चळवळीने तयार केला होता.

याच्या उलट चित्र ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाचे आहे. बुलढाण्याच्या या बाईंचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लेखणीची धार आजही वाचकाला चकित करते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु पाचशे प्रती वाचून उठून उभा राहील असा स्त्रियांचा संघटित वाचकवर्ग त्या काळी कुठून असणार? पुस्तक विस्मृतीत गेले ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रित करीपर्यंत, म्हणजे ९३ वर्षे. मध्यंतरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक झाल्याचेही ज्ञात नाही. छापणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या ९३ वर्षांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशाने सांगता येणार नाही.

खुद्द फुल्यांना ही जाणीव होती. ते कंत्राटदार होते, ओतकामाच्या साहित्याचा व्यापार करीत होते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये निघाले त्यामागे ही स्वतंत्र मिळकत होती. आश्रयदात्याची मर्जी सांभाळणाऱ्याला ते पुस्तक लिहिता आले असते, पण छापता आले नसते. ‘शेतकऱ्याचा असूड’ची कथा अधिक बोधप्रद आहे. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त आली आणि पुढे छपाई थांबली. ‘दीनबंधू’ परक्याचे पत्र नव्हते, सत्यशोधकांचेच होते. पूर्ण ‘असूड’ फुल्यांच्या हयातीत छापला गेला नाही. आपल्याच लोकांच्या हाती असलेले पत्रही कधीकधी आपला मजकूर गाळते. म्हणून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर छापण्याची वाट खुली असणे ही चैन नव्हे. विचारस्वातंत्र्याची ती शेवटची तटबंदी आहे.

पण तटबंदीचा खर्च असतो, आणि तो बहुधा घरातून निघतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, खटले सोसले, दंड भरले. त्यांच्या संसाराला मालतीबाईंच्या नोकरीचा आधार होता. प्रकाशनाच्या जमाखर्चात असा आधार कोणत्याच बाजूला लिहिला जात नाही. एवढेच कशाला, देशाचे कायदेमंत्रिपद भूषविलेल्या आंबेडकरांनाही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी हात पसरावे लागले. १४ सप्टेंबर १९५६ च्या पत्रात त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळविले की छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये आहे, तो आपल्या कुवतीबाहेरचा आहे, सरकारने बुद्धजयंतीनिमित्त ५०० प्रती घ्याव्यात. उत्तर नकाराचे आले; जयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेला पैसा संपला होता. डिसेंबरात आंबेडकर निवर्तले आणि ग्रंथ १९५७ मध्ये बाहेर पडला.

आजचा हिशेब मांडताना नावे मोठी असण्याचे कारण नाही. सेवानिवृत्त शिक्षक, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, धरणग्रस्तांच्या लढ्यात वीस वर्षे घालविलेली कार्यकर्ती असा कोणीही घ्यावा. दोनशे पानांचे पुस्तक, पाचशे प्रती. उदाहरणादाखल धरू या की अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ यांना २५,००० रुपये आणि कागद, छपाई, बांधणी यांना प्रतीमागे १२० रुपये लागले. एकूण ८५,००० झाले. छापील किंमत २५० रुपये. नातेवाईक, सहकारी, वर्तमानपत्रे आणि सत्कारसमारंभातील पाहुणे मिळून १२० प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून जातात. हा आकडा मराठी माणसाच्या बाबतीत कमीच धरला आहे. उरलेल्या ३८० प्रती वितरकामार्फत निम्म्या किमतीला गेल्या, तर ४७,५०० रुपये येतात. म्हणजे एकही प्रत शिल्लक राहिली नाही तरी ३७,५०० रुपयांची तूट. या हिशेबात लेखकाच्या श्रमाचे मोल शून्य आहे आणि वितरकाने पैसे वेळेवर दिले असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात दोनशे प्रती जातात, बाकीचे गठ्ठे पोटमाळ्यावर चढतात आणि वाळवी आपला मोबदला घेते.

पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे आहे. परंतु कागदावर आणि छपाईवर भरलेला कर पुस्तक करमुक्त असल्यामुळेच वळता करून घेता येत नाही. तो किमतीतच मुरतो. टपालाची गोष्टही अशीच. नोंदणीकृत पुस्तक-टपालाची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आयएसबीएन क्रमांक मात्र दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि व्यक्तिगत लेखकालाही मिळतो. हे आवर्जून सांगावे लागते, कारण त्याच क्रमांकाचे पैसे आकारणारे लोक बाजारात आहेत.

या बाजाराविषयी थोडे अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. गेल्या काही वर्षांत ‘पॅकेज’ विकणाऱ्या प्रकाशनसेवा उदयास आल्या. रक्कम भरावी, पुस्तक छापून मिळावे, प्रकाशन समारंभ आणि प्रसंगी एखादा पुरस्कारही मिळावा, असा त्यांचा परिपाठ. त्यांच्यातील प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. परंतु कोणत्याही उद्योगाची परीक्षा करताना त्याचे उत्पन्न कोणाच्या खिशातून येते ते पाहावे. जुन्या प्रकाशकाचे उत्पन्न वाचकाकडून येई. पुस्तक खपले नाही तर तो बुडे, म्हणून खपविण्याची त्याला निकड होती. पॅकेजवाल्याचे उत्पन्न लेखकाकडून येते आणि पुस्तक छापून होताच ते पुरे झालेले असते. त्यानंतर एक प्रतही विकण्याचे त्याला आर्थिक कारण उरत नाही. इथे गिऱ्हाईक लेखक आहे; वाचकाचा या व्यवहारात प्रवेशच होत नाही. मागणीनुसार एकेक प्रत छापण्याच्या नव्या तंत्राने पोटमाळ्यावरचे गठ्ठे कमी होतील, ही मोठीच सोय आहे. किंडलवरही २०१६ पासून मराठी पुस्तक लेखकाला स्वतः चढविता येते. पण यंत्राने प्रत काढण्याचा प्रश्न सोडविला. वाचक शोधण्याचा नाही.

मग लाभ काय? पैशाचा लाभ अपवादात्मक आहे आणि त्याची आशा धरून सेवानिवृत्तीची पुंजी मोडणे अविचाराचे ठरेल. खरा लाभ दोन प्रकारचा आहे. मजकुरावर कोणाची कात्री चालत नाही, हा एक. दुसरा म्हणजे पुस्तकाचा हक्क लेखकाकडे राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आणि हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, हे कित्येक लेखकांच्या गावीही नसते. याखेरीज एक लाभ लेखकाचा नसून समाजाचा आहे. एखाद्या तालुक्यातला हमालांचा लढा, एखाद्या गावचा पाणवठा सर्वांना खुला करताना झालेली मारहाण, एखाद्या संपात मोडलेले संसार यांची नोंद मोठा प्रकाशक घेणार नाही. त्याचे गणित त्यात बसत नाही. ती पदरमोडीनेच झाली, आणि झाली नसती तर उद्याच्या संशोधकापुढे फक्त पोलिसांचे आणि मालकांचे दप्तर उरले असते.

ही पदरमोड एकट्याने करावी असे मात्र कुठे लिहिलेले नाही. १९७६ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची सहकारी खटपट उभारली आणि एकमेकांची पुस्तके काढली. कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्याआधी वर्षभर, १९७५ मध्ये, ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणविता वाचक चळवळ म्हणवून घेतले, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये तिथूनच आले. त्याही आधी ज्ञानकोशकार केतकरांनी लिमिटेड कंपनी काढून, भाग विकून व वर्गणीदार हिंडून मिळवून तेवीस खंडांचे काम तडीस नेले. या तिन्ही प्रयत्नांत भांडवल थोडे आणि माणसे अनेक होती.

परिवर्तनवादी संघटनांचा व्यवहार मात्र अजून याच्या उलट आहे. कार्यकर्त्याचे पुस्तक निघाले की शाल, श्रीफळ आणि तीन भाषणे होतात, व्यासपीठावरील साऱ्यांना प्रत फुकट मिळते आणि सभागृहाचे भाडेही पुष्कळदा लेखकच भरतो. शंभर माणसे टाळ्या वाजवितात. दारातल्या टेबलावर बारा प्रती खपतात. ज्या पुस्तकाचा गौरव केला ते विकत न घेणे हा गौरव नव्हे.

क्रम उलटा करावा लागेल. हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी तीनशे वर्गणीदारांची यादी व्हावी आणि त्यांची रक्कम आधी जमा व्हावी. वरच्याच उदाहरणात तीनशे प्रती टपालखर्चासह २०० रुपयांना आधी विकल्या गेल्या, तर सुमारे २५ रुपये टपाल वजा जाता ५२,५०० रुपये छपाईपूर्वीच हाती येतात. भेटीच्या प्रती १२० वरून ४० वर आणल्या, तर उरतात १६०. त्या वितरकामार्फत गेल्या तरी २०,००० रुपये आणखी. तूट ३७,५०० वरून १२,५०० वर येते आणि छापील किंमत ३०० केली तर नाहीशीही होऊ शकते. यादी तीनशेपर्यंत पोचली नाही, तर जितकी नावे आली तितक्याच प्रती मागणीनुसार छापाव्यात. तालुका कार्यालयांतील कपाटात दहा-दहा प्रती ठेवाव्यात, दर तिमाहीस हिशेब लेखकाला कळवावा, आणि गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या समित्यांवर जे कार्यकर्ते बसतात त्यांनी शासनमान्य यादीबाहेरच्या पुस्तकांसाठीही वर्षाकाठी थोडी रक्कम मागून घ्यावी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठविण्याचे काम लेखकाकडून हमखास राहून जाते. तेही कार्यालयाने करावे. त्यासाठी चार प्रती पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवाव्या लागतील, वाटपाच्या गर्दीत त्या उरत नाहीत.