जालन्यात टनाने सळई बनते, मग इयरबड्समधल्या पिनेचं काय?

इयरबड्स रात्रभर डबीत ठेवले आणि सकाळी एकच चार्ज झाला, असं तुमच्यासोबतही झालं असेल. दर वेळी दोष बॅटरीचाच असतो असं नाही. डबीच्या तळाशी जे सोनेरी ठिपके दिसतात, त्यांच्यावर घाम आणि धूळ साचली तरी चार्जिंग थांबतं. या ठिपक्यांना म्हणतात पोगो पिन.

ही पिन नेमकी असते काय?

एक बारीक नळी, तिच्यात सरकणारा दांडा आणि आत स्प्रिंग. इयरबड ठेवला की दांडा दबतो आणि स्प्रिंग त्याला वर ढकलत राहते. त्यामुळे वीज जायला पक्का संपर्क मिळतो. नळी आणि दांडा सहसा पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, त्यावर निकेलचा आणि वर सोन्याचा पातळ थर. सोनं गंजत नाही, म्हणून. स्मार्टवॉचच्या चार्जरमध्ये आणि सर्किट बोर्ड तपासणाऱ्या यंत्रांतही याच पिना असतात.

आत्ता हा विषय का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 मार्च 2025 ला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली. त्यात इलेक्ट्रो-मेकॅनिकल भागांचा गटही आहे. कनेक्टर याच जातीतले आणि पोगो पिनही त्यातलीच.

यात जालना कुठे बसतं?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनवली जाते. पण सळईचं स्टील स्प्रिंगला चालत नाही. शिवाय सळई वजनावर विकली जाते, पिन नगावर. पिनेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही महागात पडते. म्हणजे 'स्टील सिटी' असल्याचा थेट फायदा इथे नाही.

फायदा आहे तो शेजाराचा. साधारण 60 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे सीएनसी कारखाने आहेत, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. पिनेचं खरं कसब मुलामा चढवण्यात, म्हणजे रसायनशास्त्रात. आणि मुंबईच्या आयसीटीचा मराठवाडा कॅम्पस तर जालन्यातच आहे. मालाच्या वाहतुकीला समृद्धी महामार्ग आहेच.

मग अडतंय कुठे?

योजनेचं प्रोत्साहन गुंतवणूक, उलाढाल आणि रोजगाराशी जोडलेलं आहे. छोट्या वर्कशॉपला तिथवर एकट्याने पोहोचणं अवघड. त्यांच्यासाठी जवळची वाट म्हणजे मोठ्या कंपनीला दांडे आणि नळ्या पुरवणं. त्यासाठी अचूक लेथ, तपासणीची प्रयोगशाळा आणि मुलाम्याच्या सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय लागेल. हे सगळं एकेकट्याला परवडणार नाही, पण सामायिक केंद्र उभं राहिलं तर जमू शकतं. तसं झालं, तर आयटीआय केलेल्या पोरांना भट्टीसमोरच्या कामाशिवाय दुसरा पर्याय घराजवळच मिळेल.

आणि तुमचा इयरबड? टाकून देण्याआधी पिना कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसून बघा.