रिपोर्ट येईपर्यंत बाळाने थांबायचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले. त्यात १२ तान्ही बाळे होती. रुग्ण शेवटच्या घटकेला आणले, असे रुग्णालयाने सांगितले. मग वेळेवर ओळखायचे कुणी? रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. जंतुसंसर्ग झालेले बाळ तेवढे थांबत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच बायांना शिकवले : दूध सोडले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, हातपाय ढिले पडले, अशी दोन लक्षणे एकदम दिसली की जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्येच छापून आले. बाळ पुढे पाठवण्याआधी नर्सबाईंनी जेंटामायसिनचा पहिला डोस द्यावा, ही केंद्राची सूचनाही २०१४ ची. किनवट, जळकोटच्या उपकेंद्रांतल्या कपाटात ते औषध आज आहे का, एवढे जिल्हा परिषदांनी जाहीर करावे.