परदेशातील अपघात : परवाना चालतो, विमा सीमेवरच थांबतो

महागाव (जि. यवतमाळ), खास प्रतिनिधी : पोखराहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहू जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जणांना प्राण गमवावे लागले. मृतांत जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची संख्या मोठी होती. बस उत्तर प्रदेशात नोंदलेली, प्रवासी महाराष्ट्रातील आणि अपघातस्थळ नेपाळमधील. अशा वेळी कायदा कोणत्या देशाचा लागतो, भरपाई कोण देतो आणि चालक वाचल्यास त्याचे काय होते, हे प्रश्न दुर्घटनेच्या दुःखात मागे पडतात.

नागपूर-तुळजापूर महामार्गावरील महागावसारख्या तालुक्याच्या गावाला हे प्रश्न दूरचे वाटतील. परंतु काशी-अयोध्येची यात्रा पशुपतिनाथापर्यंत नेणाऱ्या खासगी सहली आणि आखाती देशांत चालकाला मिळणारी नोकरी, या दोन वाटांनी ते विदर्भाच्या खेड्यापर्यंतही येऊन ठेपतात.

विम्याची लक्ष्मणरेषा

नेपाळमध्ये भारतीय चालन परवाना चालतो. वाहनासाठी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकात भरून मुदतीची परवानगी घ्यावी लागते. हे सोपस्कार सहज पार पडत असल्याने सर्व काही नियमात बसले, असा समज होतो. खरी मेख विम्यात आहे. भारतातील वाहन विम्याचे भौगोलिक क्षेत्र मुळात भारतापुरतेच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव व पाकिस्तान या देशांसाठी जादा हप्ता भरून ते वाढवून घेता येते. तशी नोंद पॉलिसीवर नसेल, तर तिसऱ्या पक्षाच्या भरपाईचा बोजा वाहनमालकावर येऊन पडण्याचा धोका असतो.

इतर अनेक देशांत वाहन चालविण्यासाठी आंतरराष्ट्रीय चालन परवाना लागतो. एमएच-२९ क्रमांकाच्या यवतमाळ परिवहन कार्यालयाकडे ‘नमुना ४-अ’मध्ये अर्ज आणि १००० रुपये शुल्क भरल्यास तो मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते. मात्र, तो सर्वत्र चालत नाही. चीन तो मानत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटकाला तो चालतो, पण तेथे वास्तव्याचा व्हिसा मिळालेल्या भारतीयाला स्थानिक परवानाच काढावा लागतो. ग्राह्य परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दिलेली भरपाई चालकाकडून वसूल करू शकते.

शिक्षा तेथील कायद्याने

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. हाच अनुभव गृहीत धरून परदेशात वागणे धोक्याचे ठरते. अमिरातीत मृताच्या वारसांना ‘दिया’ म्हणजे रक्तमूल्य द्यावे लागते. ही रक्कम साधारणतः दोन लाख दिरहम असते. अबुधाबीत २०१२ मध्ये झालेल्या अपघातात एका सुदानी मुलाचा मृत्यू झाला आणि केरळच्या चालकाला फाशीची शिक्षा सुनावली गेली. मृताच्या कुटुंबाने माफी दिल्यानंतर उद्योगपती एम. ए. युसूफ अली यांनी पाच लाख दिरहम भरले आणि २०२१ मध्ये त्याची सुटका झाली. असा दाता प्रत्येकाला लाभत नाही.

कॅनडात ६ एप्रिल २०१८ रोजी हॉकी संघाच्या बसला झालेल्या अपघातात १६ जण दगावले. भारतीय ट्रकचालकाने गुन्हा कबूल केला. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि २०२४ मध्ये देशाबाहेर काढण्याचा आदेशही निघाला. तो कॅनडाचा कायमस्वरूपी रहिवासी होता, तरीही ते टळले नाही.

गावी परतल्यावरही

मायदेशी परतले की प्रकरण संपले, हा समजही चुकीचा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमिरातीला अन्योन्य प्रदेश घोषित केले. त्यामुळे तेथील न्यायालयाचा भरपाईचा दिवाणी हुकूमनामा अंमलबजावणीसाठी थेट यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात दाखल होऊ शकतो. महागावातील शेत किंवा घर मग सुरक्षित राहील, असे गृहीत धरता येत नाही.

दूतावासाच्या मदतीलाही मर्यादा आहेत. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना कायदेशीर साहाय्यही मिळू शकते. परंतु दूतावास खटला मागे घ्यायला लावू शकत नाही किंवा भरपाईची हमी देत नाही.

म्हणूनच सहल निघण्यापूर्वी विम्याच्या कागदावरील भौगोलिक क्षेत्राची ओळ वाचणे, परवाना त्या देशात चालतो की नाही हे तपासणे आणि अपघात झाल्यास जागा न सोडता पोलिसांना व दूतावासाला कळविणे, एवढी दक्षता आवश्यक ठरते. न समजणाऱ्या भाषेतील जबाबावर दुभाषाविना सही करू नये. यात्रेची वर्गणी देणाऱ्याने प्रवास कंपनीकडे बसच्या विम्याची प्रत मागितली, तर त्यात गैर काहीच नाही. परतीच्या तिकिटाइतकाच तोही यात्रेचा आवश्यक कागद आहे.